मावळतीकडे पाय

प्रिय अम्मी,

सलाम.

बॅगा अजून उघडल्या नाहीत. सकाळी सुरतेकडून येणाऱ्या गाडीनं नंदुरबारला उतरले आणि फलाटावरच पहिली शिंक आली. म्हटलं, चला, घर आलं, मिरच्या वाळत पडल्यात. रिक्षा केली, दुकानाचं शटर वर केलं, आणि कापसाच्या गठ्ठ्यावर बसून हे लिहायला घेतलंय. चहासुद्धा नंतर.

एवढी घाई कशाची, म्हणशील. घाईच आहे. एरवी असं काही कळलं असतं तर तुझ्याकडे येऊन सांगितलं असतं. पण आपल्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. फाटकापाशी उभं राहून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट ही नव्हे. मग पत्रच बरं.

आधी महत्त्वाचं सांगून टाकते, नाहीतर तू घोर लावून घेशील. युसूफमामू नीट झोपलेत. अगदी नीट. बाकीचं आता सावकाश ऐक.

नसीमनं केवढा तगादा लावला होता, तुला माहीत आहे. तुझी नात लग्न करून आफ्रिकेत मोंबासाला गेली तेव्हापासून एकच पालुपद, "अम्मी, ये ना, अम्मी, ये ना." मी दुकानाचं कारण पुढे करायचे. लग्नसराईच्या गाद्या, थंडीच्या रजया, कारणांना काय तोटा! पण जावयानं मालिंदीचं नाव घेतलं आणि माझं कारणच संपलं. तो म्हणाला, मोंबासाहून गाडीनं जाऊन येण्यासारखं आहे. मालिंदी! जे नाव तू आयुष्यभर हळू आवाजात घेतलंस, ते गाव माझ्या लेकीच्या घराजवळ निघावं?

मला मामू थोडेथोडेच आठवतात. कापूस पिंजताना धुनकीच्या तालावर मान हलवणारे, भुवयांवर कापूस बसलेले. मी शाळेत होते तेव्हा ते आफ्रिकेला गेले. गावातल्या एका गुजराती शेठच्या नात्यातल्यांचं मालिंदीत गाद्यांचं दुकान होतं आणि त्यांना हात चालणारा पिंजारी हवा होता. जाताना त्यांनी तुला विचारलं होतं, "बहिन, तठेन तुन्हासाठे काय लयू?" आणि तू म्हणालीस, "तू सोता ये, बस." ते आले नाहीत. तार आली. ताप आला, गेले, त्याच दिवशी दफन झालं.

तेवढं तर तू सोसलंस. माणूस मरतं, परदेशात मरतं, अल्लाची मर्जी. तुला मोडलं ते रशीदचाचांनी.

त्यात बिचाऱ्यांचा दोष नव्हता. आपल्या गल्लीतले, जहाजावर स्वयंपाकी. त्यांचं जहाज तिकडच्या बंदराला लागलं तेव्हा आठवणीनं मालिंदी गाठली, कबर शोधली, फुलं वाहिली, आणि सुट्टीवर आल्यावर तुझ्या दारात येऊन बसले. तू पाणी दिलंस. मी तिथेच रजईला टाके घालत होते. चाचा म्हणाले, "बहिन, मी मन्हा डोयाघाई देखी कबर. पन एक सांगू? डोकं उगवतीले शे. पाय मावयतीले."

तुझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

अम्मी, पाय मावळतीला! आणि ते कुणाला ऐकवलं? तुला! जिनं उभ्या हयातीत कुणाची गादी मावळतीला पाय येतील अशी अंथरू दिली नाही. मावळतीला काबा, म्हणून तिकडे पाय करायचे नाहीत, हे आपल्याकडच्या प्रत्येक घरात असतं. पण तू तर गिऱ्हाइकाच्या घरी गादी पोचवायला गेलीस तरी आधी विचारायचीस, सूर्य कुठून मावळतो. पाटलीणबाई हसायच्या, "आम्हले काय व्हस व, आम्ही हिंदू," आणि तू म्हणायचीस, "गादी ते मन्हा हातनी शे ना!" पाहुणा झोपेत फिरला तरी उठवून सरळ करणारी बाई तू. तुझाच भाऊ कयामतपर्यंत काब्याकडे पाय करून पडलाय, असं तुला वाटलं.

चाचा गेल्यावर तू माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवलास. "शपथ ले. कोन्हले सांगू नको."

घेतली मी शपथ. पण तू कुणाला का विचारलं नाहीस गं? मशीद दोन गल्ल्या सोडून. मौलानांच्या घरच्या रजया तूच शिवायचीस. एक शब्द टाकला असतास तर? पण नाही. तुला भीती दोन गोष्टींची. एक, गल्लीत बोभाटा होईल की युसूफला परक्या मुलखात वाकडा पुरला, कुणी धड करणारं नव्हतं. आणि दुसरी, मौलाना म्हणतील, हो, हे वाईटच झालं. पहिल्या भीतीला तू हसून उडवलं असतंस. दुसरीनं तुझं तोंड शिवलं.

मग सुरू झाली ती रजई. दर शबे-बारातच्या दुपारी, गेलेल्यांच्या नावानं गल्लीभर हलवा होत असताना, तू मामूच्या नावची एक नवी रजई जमिनीवर अंथरायचीस. मशिदीच्या दारात बसणाऱ्या कुणा गरजूला द्यायची ती. पण देण्याआधी तिची पायाकडची बाजू हातभर आत दुमडायचीस, वर थोपटायचीस आणि म्हणायचीस, "पाय वढी ले रे भाऊ. वढी ले." मग पुन्हा उलगडून, घडी करून द्यायचीस. बाकीच्यांना वाटायचं, अम्मी शिवण तपासतेय. मला माहीत होतं. तू गेल्यापासून रजई मी देते, आणि दुमडतेही मीच.

तर अशी मी मोंबासाला पोचले.

लेकीचं घर झकास आहे. चौथा मजला, वारा भणाण. पण तिथला सूर्य मला काही पटेना. नसीम जिकडे जानमाज अंथरायची तिकडे तोंड करून मीही नमाज पढायचे, म्हणजे ती पश्चिम. आणि संध्याकाळी बघते तो सूर्य भलत्याच खिडकीत मावळतोय! मी मनात म्हटलं, असेल बाबा, परदेशातला सूर्य, त्याची वेगळी तऱ्हा. विचारलं नाही. मी तुझीच लेक ना!

मग मालिंदी. सकाळी लवकर पोचलो. कब्रस्तानात मला जाऊ दिलं, तिकडे कुणी अडवलं नाही. गुडघाभर गवत. राखणदार भला माणूस, पण म्हणाला, इतक्या जुन्या कबरींना नावं नसतात. नसीम आणि जावई एकेक दगड बघत फिरले. मामू सापडले नाहीत. मी मात्र दुसरंच बघत होते. कोवळं ऊन पडलं होतं, आणि सगळ्या कबरींची डोकी उन्हाकडे. सगळ्यांचे पाय मावळतीला. अम्मी, एक मामूच नाही, अख्खंच्या अख्खं कब्रस्तान!

मला काय वाटलं सांगू? तुझी लेक आहे, सरळ निकाल दिला. हे गावच चुकलंय. यांना कुणी शिकवलंच नाही. आणि दुसऱ्या क्षणाला कळलं, की रशीदचाचा खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं मनात एक कोपरा होता की त्यांच्या पाहण्यात काही घोटाळा झाला असेल. तोही गेला. गाडीत बसल्यावर मी रडले. नसीम विचारत राहिली, "अम्मी, काय व्हयनं? कबर नही सापडनी म्हनीसन?" मी हो म्हटलं. शपथ होती ना.

मला उगी करायला जावयानं गाडी वाटेतल्या गेडीला वळवली. म्हणाला, जुनं गाव आहे, कित्येक शतकांपूर्वीचं, व्यापाऱ्यांचं. आता नुसते अवशेष. मी म्हटलं, मला काय करायचीत पडकी घरं? पण तुझा नातजावई हट्टी आहे. त्यानं आधी जेवू घातलं, मग तिकिटं काढली.

अम्मी, ते गाव तू बघायला हवं होतंस. जंगलात शिरल्यासारखं शिरायचं. डोक्यावर माकडं. आणि झाडांच्या मधून भिंती निघतात, समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या, चुन्यानं सांधलेल्या. अरुंद गल्ल्या, बोळ, पाण्याच्या विहिरी, एकाला लागून एक घरं. गोरखचिंचेचं एक झाड तर एवढं जाड की त्याच्या बुंध्यावर आपल्या दुकानाची दोन शटरं बसली असती. भिंतीत दिव्यांचे कोनाडे तसेच आहेत, काजळी तेवढी नाही. झुहरा नावाची गाइड होती, पोरसवदा, गोड. ती सांगायची आणि नसीम मला उलगडून द्यायची. हा वाडा सुलतानाचा, ही कचेरी, हे अमक्या व्यापाऱ्याचं घर. मी आपली प्रत्येक खोलीत शिरून बघायचे, इथे गाद्या किती बसतील. सुलतानाच्या खोलीतही चारच बसतात! एवढं ऐकायचं सुलतानाचं नाव आणि पाहुणे आले की आपल्यासारखीच ओढाताण.

कपाटात मांडून ठेवलेल्या वस्तू दाखवल्या. चिनी मातीच्या वाडग्यांचे तुकडे, आणि लाल अकीक दगडाचे मणी. झुहरा म्हणाली, हे मणी समुद्रापलीकडून, गुजरातेतल्या खंबायतहून यायचे. आणि कापडही तिकडूनच, सुती. मी म्हटलं, मग कापड कुठाय? ती हसली. कापड कुठून राहणार? कापसाचं काही मागे उरत नाही, हे गादीवाल्यांना कुणी सांगायला नको. पण मला बरं वाटलं. म्हणजे मामू तिथे गेलेले पहिले नव्हते. त्यांच्या कितीतरी आधी आपल्याकडचा कापूस त्याच वाटेनं गेलेला होता.

मग मशीद आली.

छप्पर नाही. खांबांचे नुसते बुंधे, ओळीनं. शेजारी विहीर, वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी वाहून यायची पन्हळ, आणि पुढच्या भिंतीत नमाजाची दिशा दाखवणारी मेहराब, कमानीची, अजून धड. चिनी वाडगे बसवलेल्या जागा होत्या, गोल खळगे, वाडगे कुणी काढून नेलेले. अम्मी, मला तिथे एकदम शांत वाटलं. वाटलं, मामूची कबर नाही तर नाही, इथेच त्यांच्यासाठी फातेहा पढावा. सगळे आपलेच तर होते हे. ऊन कलायला लागलं होतं. झाडांतून सूर्य दिसत होता, चक्क, कुठल्या खिडकीचा घोळ नाही. मी पदर डोक्यावर घेतला आणि सूर्याकडे तोंड करून उभी राहिले. आपण जन्मभर राहतो तशी.

तर मेहराब माझ्या उजव्या हाताला!

मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. सूर्य पुढे, मेहराब बाजूला. आणि सकाळपासूनचा सगळा राग उसळून आला. नसीमला मोठ्यानं म्हटलं, "देख! यास्नी मशीदच वाकडी बांधेल शे. म्हनीसन उजाड व्हयनं गाव!"

नसीमनं आधी मेहराबीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग अशी हसली की माकडं पळाली. "अम्मी, तू तथा कोठे तोंड करी ऱ्हायनी? आठून मक्का उत्तरले शे! मावयतीले नही."

"काय बोली ऱ्हायनी तू?"

"घरमा तू रोज उत्तरलेच नमाज पढी ऱ्हायनी ना!"

तिनं मोबाइलवर नकाशा काढला. आधी नंदुरबारवर बोट ठेवलं आणि सरळ डावीकडे नेलं, समुद्र ओलांडून, मक्केवर. मग आम्ही उभ्या होतो तिथे बोट ठेवलं आणि सरळ वर नेलं. पुन्हा मक्का. आपण तिच्या उगवतीला आहोत म्हणून आपली तोंडं मावळतीला. ते तिच्या दक्षिणेला, म्हणून त्यांची तोंडं उत्तरेला. एवढंच गं. झुहरानं विचारलं काय झालं, नसीमनं सांगितलं, तीही हसली, आणि तिनं माझे खांदे धरून मला मेहराबीसमोर नीट उभं केलं, लहान पोराला करतात तसं.

तिथे उभी राहिले आणि मला हसू येईना. माझ्या डोक्यात एकच. मेहराब उत्तरेला, तर माणसाला पुरायचं कसं? उजव्या कुशीवर, तोंड उत्तरेला. मग डोकं कुठे येतं? मी तिथेच, सगळ्यांदेखत, मशिदीच्या जमिनीवर उजव्या कुशीवर पडून बघितलं! नसीम म्हणाली, "अम्मी, ऊठ, लोक देखी ऱ्हायनात." देखू देत. तोंड उत्तरेला केलं की डोकं बरोबर उगवतीला येतं.

आणि पाय मावळतीला.

अम्मी, पाय मावळतीला! मावळतीला तिथे काही नाही, नुसतं रान आहे. काबा मामूच्या तोंडासमोर आहे. ज्या कुणी त्यांना पुरलं, त्यांनी आपल्या घरच्या माणसासारखं पुरलं. अगदी बरोबर, बोटभरही चूक नाही. रशीदचाचांनी पाहिलं तेही खरं होतं. चाचा नमाज पढायचे ईदला तेवढी, तीही शेवटच्या ओळीत, पुढचा वाकेल तसं वाकायचे. त्यांना काय ठाऊक की मुलूख बदलला की दिशा बदलते! त्यांना नाही, तुला नाही, मला नाही. आपल्याला वाटायचं, किब्ला, नमाजाची दिशा, म्हणजे मावळतीच.

मग मी नसीमला सगळं सांगितलं. चाचा, शपथ, रजई, सगळं. तुझी शपथ मोडली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. पोरगी ऐकता ऐकता माझ्याआधी रडली. म्हणाली, "नानीनी मले एकदा इचारतं, ते फोनवरच सांगी देती मी." ऐकलंस? एका फोनचं काम होतं ते.

जावयानं न सांगता गाडी उलटी फिरवली. पुन्हा मालिंदी. राखणदार फाटक लावत होता, आम्हाला बघून त्यानं उघडलं. गवत तेच, बिननावाचे दगड तेच. पण सकाळी जे गाव मला चुकलेलं दिसलं होतं, ते आता एका ओळीत झोपलेलं दिसलं, सगळ्यांची तोंडं एकीकडे. त्यातले मामू कुठले, मला ठाऊक नाही. ठाऊक नसलं तरी चालतं. कुठलेही असले तरी ते सरळच आहेत. मी उत्तरेकडे तोंड करून फातेहा पढला, तुझ्या नावानंही.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. तू होतीस तोवर हे कळायला हवं होतं. तुझा चेहरा मला बघायचा होता. आधी तू म्हणाली असतीस, "खरं सांगस का?" मग दोनदा परत सांगायला लावलं असतंस. मग नकाशा उलटा धरला असतास. आणि मग दाभण उचलून काही झालंच नाही असं दाखवत शिवायला बसली असतीस. ते सगळं माझं राहून गेलं, अम्मी. त्याचा मला राग येतो, कुणावर ते माहीत नाही.

पण तूही आता तिकडे मावळतीला तोंड करून आहेस, आणि मामू तिकडे उत्तरेला. दोघं एकाच जागेकडे बघताय. भावाबहिणीची नजर तिथे भेटतच असणार. कदाचित माझ्याआधीच तुला कळलं असेल. असेल तर असो, माझं सांगायचं काम होतं.

शबे-बारात जवळ आलीय. मामूच्या रजईसाठी चांगला कापूस काढून ठेवलाय, गलेफ हिरवा घेणार आहे. आणि कबूल करते, त्या दुपारी रजई अंथरीन, पण तिची पायाकडची बाजू यंदा दुमडणार नाही, पुन्हा कधीच नाही. हातानं शेवटच्या टाक्यापर्यंत सरळ करीन. घरात जे कुणी असेल त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तुझ्या वतीनं, म्हणेन, पाय पसर रे भाऊ. चांगले लांब पसर.

तुझी,
शकीला